पांढऱ्या पायाचा

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, जन्मला त्याच आठवड्यात वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, चामराजपेटेतला छापखाना बंद पडला. तेव्हापासून घरात तो 'पांढऱ्या पायाचा' ठरला. दूध नासलं, वीज गेली, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, की अप्पा म्हणायचे, "थोरले घरात आहेत वाटतं." सगळे हसायचे. अण्णाही हसायचा.

पुढे त्याला बेळ्ळंदूरला चांगली नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. पण माझ्या बाळंतपणात तो दवाखान्याबाहेरच उभा राहिला. "सगळं नीट होऊ दे, मग येतो आत," म्हणाला. मला तो त्याचा भित्रेपणा वाटला. ऑफिसातलं एक मोठं काम हातचं गेलं, तेव्हा त्या कामाशी काही संबंध नसताना तो आठवडाभर पीत राहिला. मग सकाळीही पिऊ लागला. नोकरी गेली. वहिनी मुलीला घेऊन के. आर. पुरमला माहेरी गेली.

व्यसनमुक्ती केंद्रात एकदा आम्हा घरच्यांना बोलावलं होतं. तिथल्या समुपदेशक बाईंनी अण्णाला विचारलं, "प्यायल्यावर नेमकं काय बरं वाटतं?"

तो म्हणाला, "दोन पेग पोटात गेले की माणसांत बसता येतं. माझ्यामुळे कुणाचं तरी वाईट होईल, ही भीती तेवढा वेळ जाते. लहानपणापासून आहे ती."

अप्पा गडबडले. "अरे, स्वल्प थट्टा होती ती. छापखाना माझ्यामुळेच बुडाला. सगळे नव्या ऑफसेट छपाईकडे वळले आणि मी जुनंच यंत्र धरून बसलो."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत, अप्पा?" अण्णानं विचारलं.

परतताना रिक्षात अप्पा मला म्हणाले, "लाज वाटायची गं. पोराच्या नावावर खपून गेलं."

गेल्या वर्षी अप्पा वारले. अण्णा मधे घसरला, पुन्हा सावरला, आता पीत नाही. वहिनी मात्र परत आली नाही. रविवारी तो मुलीला भेटायला जातो. परवा तिला ताप आल्याचं कळलं, तसा त्यानं मला फोन केला. "रविवारी मी गेलो होतो, त्यानं तर नसेल ना?"

"नाही रे अण्णा, हवाच तशी आहे."

"सरी, ठीक आहे," म्हणाला. पण त्याला पटलं असेल, असं मला वाटलं नाही.