बसऱ्याहून उशिरा आलेलं पत्र

आमच्या टिळकवाडीतल्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांना भाड्यानं देत असू. ऐंशी साली तिथं दोघं राहत होते. एक इराकमधल्या बसऱ्याचा, दुसरा इराणमधल्या खुर्रमशहरचा. दोन्ही गावं एकाच नदीकाठची. दोघांचीही घरची भाषा अरबी, तीच आपसांत बोलत, एकाच स्टोव्हवर भात शिजवत. आईला बरेच दिवस ते सख्खे भाऊच वाटत होते.

सप्टेंबरात एका सकाळी रेडिओवर बातमी लागली, इराकचं सैन्य इराणात घुसलं. मी चहा घेऊन मागं गेले. खुर्रमशहरचा खाटेवर बसला होता, बसऱ्याचा दाराशी उभा. आमच्याकडून शिकलेल्या मराठीत तो म्हणाला, "मी न्हाय केलं." दुसऱ्यानं सरकून त्याला खाटेवर जागा केली.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. भांडण कशाचं, असं त्यांनी विचारलं. नदी कुणाची याचं, बसऱ्याचा म्हणाला. पाच वर्षांपूर्वी झालेला करार त्याच्या राष्ट्राध्यक्षानं फाडला होता. शेजारी इराणात क्रांतीनंतरचा गोंधळ, आत्ताच जिंकून घेऊ, असा हिशेब. मग तुमच्यात कुणी अडवलं नाही का, असं अण्णांनी विचारल्यावर त्यानं आधी उठून खिडकी लावली. अण्णा सीमाप्रश्नाच्या मोर्चात तुरुंगात जाऊन आलेले, सरकारवर भर चौकात बोलणारे. भर दुपारी आमच्याच घरात खिडकी लावून घेणाऱ्या त्या मुलाकडं ते बघतच राहिले.

दिवाळीनंतर बसऱ्याच्याला सैन्यात भरती व्हायला परत येण्याचा हुकूम आला. तोवर खुर्रमशहर इराकच्या हाती पडलं होतं. दुसऱ्याचे आईवडील घर सोडून इराणात दूर आत, शिराजजवळ तंबूत राहत होते.

"जाऊ नको रं, हितंच ऱ्हा," अण्णा म्हणाले.

"न्हाय गेलो तर बापाला धरून नेतील," तो हळू आवाजात म्हणाला.

स्टेशनपर्यंत त्याची ट्रंक खुर्रमशहरच्यानंच उचलली.

तो गेल्यावर बारा दिवसांनी त्याच्या वडिलांचं पत्र आलं. बसऱ्यात पत्रं फोडतात म्हणून कुणाकरवी कुवेतहून टाकलेलं. अण्णांच्या नावानं, इंग्रजीत. मीच वाचून दाखवलं. माझ्या मुलाला येऊ देऊ नका, आमचं काहीही झालं तरी येऊ देऊ नका, एवढंच त्यात होतं. मी पत्र खुर्रमशहरच्याच्या हातात दिलं.

तुमचा मुलगा आधीच निघाला, असं उत्तर खुर्रमशहरच्यानं त्याच संध्याकाळी त्या वडिलांना अरबीत लिहिलं. अण्णांनी ते हातात घेतलं. हे कुणी फोडलं तर बाप मुलाला अडवत होता हे कळेल, बापलेक दोघंही जिवानिशी जातील, म्हणाले. खुर्रमशहरच्यानं मान हलवली आणि उठून खिडकी लावली.

ते उत्तर आम्ही पोस्टात टाकलं नाही. बसऱ्याचा घरी पोचला की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही.