हळद लावलेली वार

अक्का बर्फाचा डबा घेऊन गंगेवरच्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीतून निघाली की शेजारचे गुरुजी हटकत, "काय अक्का, आज कोणाचं बारसं?"

"बारसं तुम्ही करा, मला फक्त वार हवी."

माझी ही थोरली बहीण पशुवैद्यक महाविद्यालयात शिकवत असे. कुठे गाय व्याली की वासरामागून पडलेली वार पुरली जाण्याआधी ती तिथे हजर.

गर्भ सांभाळणारे हार्मोन रक्तात असतातच; पण ते ओळखणारे रिसेप्टर वारेत कोणत्या महिन्यात किती असतात, हे तिला पाहायचे होते. काही गाईंची वार व्याल्यावर सुटत नाही, आत कुजते, गाय तापाने जाते. त्याचे मूळ इथेच असावे, असा तिचा कयास होता. "हाक मारणारा मारून मारून दमतो रे नाना, ऐकणाराच घरात नसतो," ती म्हणे.

मधल्या महिन्यांची वार मात्र मिळेना. ती गाभण असताना मेलेल्या गाईचीच मिळायची, आणि गवळी पोट उघडू देत नसत. रामधनी गवळ्याने तर एकदा, मेलेली गाय पोटातल्या वासरासकटच पुरायची म्हणून हातच जोडले, "दीदी, गाभिन है. भरी-पूरी ही जाएगी." अक्काने त्याला पुन्हा विचारले नाही.

मग तिलाच कर्करोग झाला. बाकी सारे काम झाले होते, ही एकच जागा रिकामी. डोक्यावरचा पदर सावरत ती रोज विचारी, "कोणाचा फोन?" मला ते ऐकवत नसे.

फोन आला तो रामधनीचाच. त्याची पाच महिन्यांची गाभण गाय गाडीच्या धडकेने मेली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. सुरी त्याने स्वतः चालवली होती. वार पितळी परातीत होती, पिवळीधमक.

"गंगाजल उबालकर धोया है, दीदी. हल्दी भी लगा दी. आपके हाथ में ऐसे ही कैसे दे देता?"

उकळत्या पाण्याने तिच्यात तपासण्याजोगे काहीच उरले नव्हते. अक्काने ती दोन्ही हातांनी उचलली, बर्फावर ठेवली, झाकण लावले. "बहुत अच्छा किया, भैया."

रिक्षात मी विचारले, "काही उपयोग?"

"नाही रे." तिने डबा मांडीवर घेतला. "त्याला सांगू नकोस."

तशी वार पुन्हा आली नाही. अक्का गेली. घाटावरून परतताना रामधनी जवळ आला. "भैया, दीदी का काम तो पूरा हो गया न?"

"हो गया," मी म्हणालो.

त्याने गमछ्याने तोंड पुसले आणि सोबतच्या गवळ्याला म्हणाला, "हमारी गैया काम आ गई."