उभी नदी

निरवांगीचे दत्तोबा हल्ली कुठल्याही कागदावर सही करीत नाहीत. डेअरीचा कागद असो की सोसायटीच्या सभेचे हजेरीपत्रक, ते आधी समोरच्याला मोठ्याने वाचायला लावतात, तारीख विचारतात, आणि एवढे झाल्यावर म्हणतात, "राहू द्या. जयवंताची घ्या." जयवंता म्हणजे त्यांची बायको. गावातली पोरे टिंगल करतात. "तात्या, उद्या सरकारनं बक्षीस दिलं तर त्ये बी काकूच घेणार व्हय?" दत्तोबा ऐकून न ऐकल्यासारखे करतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस खिशाला पेन लावल्याशिवाय घराबाहेर पडत नसे.

दत्तोबांनी तीस वर्षे नीरेच्या बंधाऱ्यावर चौकीदारी केली. दगडी खांबांची रांग, दोन खांबांच्या मधल्या गाळ्यात लोखंडी ढापे बसवायचे. बसवले की पाणी अडते, काढले की वाहू लागते. पावसाळ्याच्या तोंडाशी ढापे काढायचे आणि ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा घालायचे. ढाप्यांच्या दोन ओळींमध्ये माती ठासायची, फटीत पाचट कोंबायचे. दत्तोबांच्या बंधाऱ्याला गळती नाही, असे दोन्ही काठांवरचे लोक म्हणत. नोकरी सुटली तरी नजर सुटली नाही. वाहते पाणी दिसले की त्यांच्या तोंडून आपोआप निघे, "वाया चाललंय."

फकीरभाईंचा धंदा याच नदीवरचा. शाळेत दोघे एका बाकावर बसत. पुढे दत्तोबा बंधाऱ्यावर लागले आणि फकीरभाई काहिलीतून माणसे पलीकडे सोडू लागले. गुऱ्हाळात गूळ आटवायची ती मोठी पसरट काहील. चार बायका आणि एक शेळी तिच्यात आरामात बसत. एकदा त्यांनी नवरदेवाला पलीकडे पोचवले आणि घोडे अलीकडेच राहिले, ती गोष्ट अजून दोन्ही काठांवर सांगतात. मग पूल झाला. काहील अंगणात आली आणि फकीरभाईंची सून सबिना तिच्यात म्हशीची पेंड भिजवू लागली.

"चाळीस वर्षं म्या ही नदी आडवी कापली, दत्तू," फकीरभाई म्हणत. "उभी एकदा बी न्हाय बघितली. जाती कुठं, हे तरी बघायला नको?"

त्यांना कुणा उतारूने सांगितले होते की नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते, तिथे दोन्ही पाणी लगेच एक होत नाही. बरेच अंतर शेजारी शेजारी चालते आणि मध्ये लुगड्याच्या काठासारखी रेघ दिसते. ती रेघ पाण्यात बसून पाहायची, एवढीच फकीरभाईंची हौस. दत्तोबा दर वर्षी म्हणायचे, "ढापे निघू दे, जाऊ." ढापे निघाले की, "पूर वसरू दे." पूर ओसरला की ढापे घालायचे दिवस आलेले असत. नोकरी होती, तेव्हा हे सगळे खरेही होते.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात बारामतीहून दिग्विजय आला. तिशीतला, गोरागोमटा, डोक्यावर उलटी टोपी. त्याने रबराचे दोन मोठे तराफे आणले होते. सोनगावला कऱ्हा नीरेला मिळते, तिथून निघायचे आणि नरसिंहपूरच्या संगमावर उतरायचे. चार दिवस पाण्यात, तीन मुक्काम तंबूत. पुण्याचे दहाबारा लोक येणार होते. त्याला नदी माहीत असलेला माणूस हवा होता.

"म्हंजे ट्यूबवर बसून जायचं न्हवं?" जयवंताबाईंनी चहा देताना विचारले.

"काकू, ट्यूब न्हाई, राफ्ट. राफ्टिंग."

"आमच्या म्हशी रोज करत्यात त्ये."

दिग्विजय हसला. दत्तोबा मात्र त्याच्या मोबाइलवरच्या नकाशात शिरले होते. नकाशात बंधारे नुसत्या रेघा होत्या. ते म्हणाले, "ह्यात काय कळतंय? वही आणा."

दुसऱ्या दिवशी ते फकीरभाईंकडे गेले. फकीरभाई बाजेवर मान वर करून बसले होते आणि सबिना त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होती. तिने दत्तोबांना अंगणाच्या टोकापर्यंत पोचवायला येऊन हळूच सांगितले, "तात्या, काचबिंदू हाय. बारामतीचं डॉक्टर म्हणलं, गेली तेवढी नजर गेली. हाय ती थंडीपतोर टिकली तर टिकली. अब्बांना सगळं ठाऊक हाय, पर बोलत न्हाईत."

म्हणून दत्तोबांनी दिग्विजयला पहिली अट घातली, की फकीर पुढच्या तराफ्यात, पुढच्या जागेवर बसणार. "त्यो वाटाड्या, म्या हिशेबनीस," ते म्हणाले. दिग्विजयला दोन्ही म्हातारे आवडले होते. तो म्हणाला, "तात्या, अठ्ठावीस सप्टेंबरला निघू. पाणी चांगलं हाय."

"चांगलं कुठलं? गढूळ हाय. पाण्याखालचा खडक दिसणार न्हाय. निवळू द्या. दहा ऑक्टोबर धरा."

"आणि ढापे?"

"पंधराच्या आत ढापे पडत न्हाईत," दत्तोबा म्हणाले. "तीस वर्षं म्याच टाकल्यात."

फकीरभाई बाजूलाच होते. ते एवढेच म्हणाले, "लवकर निघालो असतो तर बरं झालं असतं, दत्तू." आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मित्राच्या शब्दावर वाद घालायची त्यांना सवय नव्हती.

पुढचा महिनाभर दत्तोबांना दिवस पुरला नाही. निवृत्तीनंतर कुणी त्यांना नदीबद्दल विचारले नव्हते, आणि आता वहीत रोज एक पान भरत होते. ते लूना घेऊन काठाकाठाने वर सोनगावपर्यंत आणि खाली संगमापर्यंत गेले. कुठल्या बंधाऱ्याला किती गाळे, तराफा कुठल्या कडेने उचलून खाली न्यायचा, वाळू उपसून डोह कुठे झालेत, भोई जाळी कुठे लावतात, सगळे लिहिले. पहिला मुक्काम उसाजवळ ठरला होता, तो त्यांनी खोडला. उसात बिबट्या असतो. त्याऐवजी उघड्या माळावरची जागा धरली. कळंबच्या अलीकडे शुक्रवार पडत होता, म्हणून फकीरभाईंच्या नमाजाला दोन तास मोकळे ठेवले. चतुर्थीच्या उपासाला भगर लिहिली. तंबूचे खिळे मुरमात बसतील की नाही, हे पाहायला एक तंबू स्वतःच्या खळ्यात ठोकून पाहिला आणि दुपारभर आत झोपले.

जयवंताबाई म्हणाल्या, "अवो, निघणार कवा? का खळ्यातच नदी आणताय?"

सप्टेंबर संपता संपता पाणी निवळले. तळाचे गोटे दिसू लागले. दिग्विजयचा फोन आला, "तात्या, लोक तयार हायत. आठ दिवस आधी निघू या का?" दत्तोबांनी वही पाहिली. डाळ-तांदळाची पोती अजून बारामतीहून यायची होती आणि तिसऱ्या मुक्कामाच्या शेतमालकाचा होकार यायचा होता. ते म्हणाले, "ठरल्यालं मोडू नका. दहा म्हंजे दहा."

त्या वर्षी पावसाने लवकर पाठ फिरवली होती. दोन ऑक्टोबरला सकाळी दत्तोबा दूध घालायला डेअरीवर गेले. तिथे बाकावर आप्पासाहेब कागद घेऊन बसले होते. गावचा पाण्याचा अर्ज दर वर्षी तेच लिहीत. पंधरावीस लोक भोवती होते.

"या दत्तोबा. तुमची सही पयली. तुमच्या नावाला वजन हाय."

"काय लिवलंय?"

"दर वर्षाचंच. बंधारा. पाणी वाया चाललंय."

दत्तोबांनी चष्मा लावला, कागद वाचला, आणि त्यांच्यातला चौकीदार जागा झाला. "हितं 'लवकरात लवकर' लिवलंय, आप्पासाहेब. असं लिवल्यावर सायेब महिनाभर बघत न्हाईत. 'तात्काळ' लिवा. आन् 'नदीपात्र कोरडे पडण्यापूर्वी' असं घाला."

"बघा," आप्पासाहेब लोकांना म्हणाले, "ह्याला म्हणत्यात खात्यातला माणूस."

कागद पुन्हा लिहिला गेला. दत्तोबांनी खिशाचे पेन काढले आणि पहिली सही केली. तिथून ते थेट घरी आले, वही उघडली आणि चौथ्या दिवसाच्या पानावर लिहिले : 'संगम. फकीरला डाव्या हाताला बसवणे. रेघ तिकडून दिसेल.'

हे दोन कागद एकाच नदीचे आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. ढापे मागायचे हा एक जन्माचा रिवाज, आणि सहलीची वही ही अलीकडची गोष्ट. दोन्ही एकाच डोक्यात शेजारी शेजारी होते आणि मिसळले नाहीत.

सात तारखेला सकाळी सबिनाचा फोन आला. "तात्या, अब्बा इचारत्यात, नदीचा आवाज का बंद झालाय?"

दत्तोबा अनवाणीच बंधाऱ्यावर गेले. आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टर आला होता, हे त्यांनी ऐकले होते. उसाचा असेल, असे वाटले होते. सगळ्या गाळ्यांत ढापे बसले होते. काम नीट झाले होते, कुठे गळती नव्हती. वरच्या अंगाला पाणी हलत नव्हते. खालच्या अंगाला ओले गोटे होते आणि दोन बगळे अडकलेले मासे टिपत होते. वरच्या गावांनीही तसेच अर्ज दिले होते. सोनगावपासून खालपर्यंत एकाच दिवसात ढापे पडले होते.

फकीरभाई काठी टेकत सबिनाबरोबर तिथे आले. त्यांनी कान दिला, मग मान कलती करून पाण्याकडे पाहिले.

"उभी राहिली," ते म्हणाले.

"फकीर, सही माझी हाय. पयली."

"व्हय?" फकीरभाई म्हणाले. "म्हंजे उभी नदी तूच दावलीस की मला."

ते हसले. दत्तोबांना हसता आले नाही. मित्राने शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

ते आप्पासाहेबांकडे गेले. आठ दिवस ढापे काढता येतील का, असे विचारले. आप्पासाहेबांनी आधी ती चेष्टाच समजली. "तुमीच म्हणलात तात्काळ लिवा. आता कुणाच्या तोंडानं जाऊ? आन् दत्तोबा, तुमचा बी दीड एकर ऊस हाय की ह्याच पाण्यावर." ते खोटे नव्हते.

दिग्विजय येऊन बघून गेला. "वर डबकं, खाली कोरडं. दर कोसाला तराफा डोक्यावर घ्यावा लागंल, तात्या." त्याने पुण्याच्या लोकांना कोकणातल्या नदीवर नेले. जाण्याआधी मात्र एक दिवस त्याने तराफा बंधाऱ्याच्या वर सोडला आणि फकीरभाईंना पुढच्या जागेवर बसवले. साचलेल्या पाण्यात जायला दुसरी दिशाच नव्हती. फकीरभाईंनी वल्हे हातात घेतले आणि पलीकडच्या काठाला जाऊन परत आले. आडवेच.

पुढच्या जूनमध्ये ढापे निघाले, पाणी सुटले. तोवर फकीरभाईंना त्याचा आवाज तेवढा राहिला होता. दिग्विजय पुन्हा आला, तेव्हा दत्तोबांनी वही त्याच्या हातात दिली आणि स्वतः गेले नाहीत. वही अचूक होती, असे त्याने परत आल्यावर सांगितले. एवढे मुक्काम, एवढे बंधारे, कुठे चूक नाही. दत्तोबांनी रेघेचे विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

पण त्याआधी, ढापे पडले त्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर दत्तोबांनी फकीरभाईंना नरसिंहपूरला नेले होते. एसटीने, बावड्यावरून. जयवंताबाईंनी दशम्या बांधून दिल्या. फकीरभाईंना तेव्हा नळीतून बघितल्यासारखे समोरचे तेवढे दिसत होते. दत्तोबांनी हात धरून त्यांना घाटाच्या पायऱ्या उतरवल्या आणि शेवटच्या पायरीवर डाव्या हाताला बसवले, वहीत लिहिले होते तसे.

भीमेला पाणी होते. नीरेकडून वाळूचा पट्टा येत होता, त्यात वेड्या बाभळी उगवल्या होत्या, आणि शेळ्या बसल्या होत्या.

फकीरभाईंनी डोळ्यांवर हात आडवा धरला. बराच वेळ मान इकडून तिकडे हळूहळू फिरवली. मग म्हणाले, "ह्यातली आपली कुठली, दत्तू?"

खोटे सांगितले असते तरी त्यांना कळले नसते. पण पाणी आहे की नाही, हे दत्तोबांना तीस वर्षे लोकांनी काठावरून विचारले होते आणि त्यांनी एकदाही खोटे सांगितले नव्हते.

"आपली आली न्हाय," ते म्हणाले.

"आस्सं." फकीरभाईंनी काठी पायरीवर आडवी ठेवली. "मग बसू जरा. यील."

साडेचारच्या एसटीपर्यंत ते दोघे तिथेच बसले. फकीरभाई पाण्याकडे तोंड करून आणि दत्तोबा वाळूकडे.