राहनाळच्या बार्नची मेढ

"मॅडम, बस एक सूत कापतो. कुणाला कळणार पण नाही," अस्लमभाई परांचीवरून ओरडले.

क्रेनच्या पट्ट्यांवर ओकची जाडजूड तुळई लटकत होती. तिच्या टोकाला कोरलेली जीभ समोरच्या खांबाच्या खाचेत जायला हवी होती. ती एका अंगाने शिरायची आणि दुसऱ्या अंगाने अडायची. अस्लमभाईंच्या हातात विजेची करवत होती आणि बोट बटणावर.

"कापायचं नाही," मी खालून म्हटलं. "आणि तुळईखाली कुणी उभं राहायचं नाही. दिनकरशेठ, तुम्हीसुद्धा."

शेठ दोन पावलं मागे सरले. भिवंडीजवळच्या राहनाळमधली ही जागा त्यांची, लाकूड त्यांचं आणि आठवड्यावर आलेलं लग्नही त्यांच्याच मुलीचं. त्याच छपराखाली. सगळं गाव जेवायला येणार होतं आणि अजून छपराचा पत्ता नव्हता.

मी जुन्या लाकडी इमारतींची स्ट्रक्चरल इंजिनिअर. म्हणजे इमारत पडेल की उभी राहील, हे सांगून खाली सही करणारी बाई. देवळांचे सभामंडप झाले, कौलारू शाळा झाल्या, पण अमेरिकेतला बार्न हाताखाली प्रथमच आला होता. बार्न म्हणजे तिकडच्या शेतकऱ्याचं सगळं एका छपराखाली: एका अंगाला जनावरं, एका अंगाला गवत आणि मधोमध खळं. खळ्याच्या पुढच्या बाजूला उंच दरवाजा, गवताने भरलेली गाडी आत यायला. मागे बुटका दरवाजा, रिकामी गाडी बाहेर पडायला. मळणीच्या वेळी दोन्ही उघडायचे, की आरपार वारा सुटतो आणि भुसा उडून जातो.

शेठची मुलगी प्राची तिकडे शिकत होती, तेव्हा तिने हा बार्न पाडायला काढलेला पाहिला. का पाडत होते? त्या शेतावर गोडाऊन येणार होतं! तिने बापाला फोन केला. शेठ आधी पोट धरून हसले आणि मग किंमत विचारू लागले. मला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "माझ्या बापाचा खला या गोडाऊनच्या गाळ्यांखाली गेला, मॅडम. मीच घातला. आता कुनाचा तरी खला उभा करतो." अशा माणसाला नाही म्हणणं मला जमत नाही. खांब-तुळया सुट्या होऊन कंटेनरमधून भिवंडीला आल्या.

आणि आता तुळई अडली होती.

"शेठ, क्रेनवाला घाई करतोय," अस्लमभाई म्हणाले. ते इथल्याच निजामपुऱ्यातले. अर्ध्या भिवंडीची लोखंडी गोडाऊनं त्यांच्या हातची. कामाला चोख, पण सगळं आयुष्य नटबोल्टात गेलेलं. "कापून घेऊ, वरून पट्टी मारू. अंदर से लोहा, बाहर से लकडी. एकदम मजबूत."

शेठने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, लगीन थांबनार न्हाय. कापा नायतर सही करू नका, मी दुसरा इंजिनिअर आनतो."

राग आला, पण तो गिळला. कारण शेठ घाबरले होते आणि घाबरलेल्या माणसाशी भांडून काही हाती लागत नाही. मी हेल्मेट घट्ट केलं आणि परांची चढले.

कापायला माझी एवढी हरकत का, तर या बार्नमध्ये एकही खिळा नाही. जीभ खाचेत जाते, दोन्हींमधून आरपार ओकची खुंटी ठोकतात, आणि वाऱ्याचा, छपराचा सगळा भार त्या जिभेवर येतो. ती छाटली, की तुळई नुसती टेकलेली राहते. उभी दिसते, पण धरून नसते. त्याखाली मी पंगत बसवणार नव्हते.

दुसरी गोष्ट अशी, की त्या जुन्या सुतारांची लाकडं कुऱ्हाडीने तासलेली. एक खांब दुसऱ्यासारखा नाही. म्हणून ते दोन लाकडं एकमेकांवर ठेवून त्या एका जोडीपुरता सांधा कोरायचे आणि दोन्हींवर पटाशीने सारखीच खूण पाडायचे. आडव्या, उभ्या, तिरक्या सरळ रेघा, कारण पटाशीला गोलाई जमत नाही. मग ठरल्या दिवशी सगळा गाव जमून एकेक चौकट ढकलत उभी करायचा. इतक्या वर्षांचा सांधा आज सूतभर अडत असेल, तर लाकूड चुकीचं नाही, जोडी चुकीची आहे.

मी तुळईची खूण पाहिली: तीन रेघा आणि एक तिरका काप. खांबाची खूण हळदीखाली दडली होती. पदराने हळद पुसली. तिथे फुली होती.

"अस्लमभाई, हा कितवा खांब?"

"एक नंबर. टिकली लावलेली आहे बघा."

टिकली खरंच होती. बार्न सुटा करताना तिकडे प्रत्येक लाकडावर नंबराची पत्र्याची टिकली ठोकली होती, तशीच ही एक नंबरची. पण ती ठोकणारा खिळा मात्र कोरा करकरीत होता.

"ही टिकली कुणी ठोकली?"

"मीच. शेठ बोलले, पुढे सगळ्यात देखणा खांब पाहिजे, वऱ्हाड तिथूनच येणार. म्हणून पलीकडच्या कोपऱ्याचा इथे उभा केला. लंबाई सेम टू सेम आहे, मॅडम! आणि इथे उभा केला म्हणजे एक नंबर हाच ना?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथे गाळ्याचा नंबर जागेचा असतो. भाडेकरू येतात, जातात, नंबर जागचा हलत नाही. अस्लमभाईंनी तोच न्याय खांबाला लावला होता. लोखंडी शेडमध्ये तो चालतोही. बार्नमध्ये नंबर खांबाचा असतो, जागेचा नाही.

मी खाली उतरले. "शेठ, लाकडाला काही झालेलं नाही. हा खांब उतरवून त्याच्या जागी नेऊ आणि त्याचा इथे आणू."

शेठचा चेहरा उतरला.  मग झाडाच्या सावलीत बसलेल्या बरकीकाकी उठल्या. काकी शेठच्या चुलती आणि गावच्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी लावणारी बाई म्हणजे धवलारीण, आणि तिच्या शब्दापुढे शेठ-बिठ कुणी नसतं.

"तो खांब हलाचा न्हाय," काकी म्हणाल्या.

"काकी, तो चुकीच्या जागी आहे."

"ती आमची मुहूर्तमेढ हाय. काल पूजा झाली, आंब्याचा डहाळा बांधला. लगीन लागेपर्यंत मेढ हलवत न्हाय. पोरीचा लगीन हाय, बाय. तुझी इमारत न्हाय."

इथेच घोडं पेंड खात होतं. मांडवाचा पहिला खांब पुजायचा, हे मला ठाऊक होतं. तो खांब शेठ बार्नचाच निवडतील आणि मी यायच्या आत उभा करतील, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खाली शेठ, वर करवत आणि मधे काकी.

"मग कापू?" अस्लमभाईंनी विचारलं. शेठने होकाराची मान हलवायला घेतली होती.

"एक मिनिट थांबा!" मी जवळजवळ किंचाळले.

मी प्लॅन जमिनीवर पसरला आणि त्यावर चार दगड ठेवले. पलीकडच्या कोपऱ्याचा खांब अलीकडच्या कोपऱ्यात आला होता. नेमका समोरासमोरचा तिरका कोपरा. मी कागद धरून फिरवला. पाठ पुढे आणि तोंड मागे. खांब बरोबर आपल्या जागी आला. सिमेंटची जोती चारी बाजूंनी सारखीच होती आणि बाकीची लाकडं अजून जमिनीवरच पडलेली.

"काकी, मेढ हलणार नाही," मी म्हटलं. "तिच्याभोवती आख्खा बार्न फिरवते."

"म्हंजे?" शेठने विचारलं.

"म्हणजे उंच दरवाजा मागे, खाडीच्या बाजूला जाईल. रस्त्याकडे बुटका दरवाजा येईल."

शेठ भडकले. "वऱ्हाड मागच्या दरवाज्यातनं आनू? लोका काय बोलतील? त्या दरवाज्यासाठी तर इतका लांबून आनला!"

  एकीकडे शेठची शोभा, दुसरीकडे करवत. काकींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"दिन्या, तुझ्या बापाच्या खल्याला दरवाजा व्हता का रं? मेढ हलाची न्हाय, शोभा हलंल. हलू दे."

शेठ खाडीकडे वळले. मग अस्लमभाईंना म्हणाले, "करवत ठेवा खाली."

दुपारभर आम्ही खुणा शोधून लाकडं लावत होतो. अस्लमभाई आता प्रत्येक तुळईजवळ उकिडवे बसून रेघा बघत होते, तपासलेल्या पुन्हा तपासत होते. संध्याकाळी फुलीची तुळई उचलली. तिची जीभ त्याच हळदीच्या खांबासमोर आली.  अस्लमभाईंनी लाकडी मोगरीने एक ठोका दिला, दुसरा दिला. धप्प असा आवाज आला आणि तुळई आत बसली. खुंटी आरपार गेली.

"बिना कापे गया!" अस्लमभाई वरून ओरडले. मला रडू आलं, ते मी धुळीवर ढकललं.

लग्नाला मी गेले होते. बुटक्या दरवाज्यातून व्याही, त्यांचे मानकरी, फेटेवाले, सगळे वाकून आत येत होते. काकी आतल्या बाजूला उभ्या राहून एकेकाचं वाकणं डोळे भरून बघत होत्या. शेठ मात्र मधल्या खळ्यात एकटेच उभे होते. मागचा उंच दरवाजा सताड उघडा होता आणि खाडीवरचा वारा आरपार जात होता.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "हा वारा खल्याचा हाय. मना वलखता येतो."

बार्न अजून उभा आहे. त्यानंतर मात्र मी एक सवय लावून घेतली. कुठल्याही साइटवर गेले, की ड्रॉइंग उघडण्याआधी विचारते, "पूजा कुठल्या खांबाची करणार आहात?" लोक मला भाविक समजतात.