शालीचा आडोसा

परदेशात खर्चाचे पैसे कसे न्यायचे, यावर घरी बराच खल झाला आणि शेवटी मी कार्ड घेतलं. आमच्याच सहलीतल्या साताऱ्याच्या काकांनी मात्र बनियनला आतून चोरखिसा शिवून घेतला होता. चोरखिसा! जपायचं चोरापासून आणि नाव चोराचंच, हे आपल्या भाषेनेच करावं.

व्हिएन्नाच्या बाजारात काकूंना एक लाकडी बाहुली आवडली. काका हळूच म्हणाले, "अगं, जरा आडोसा कर."

काकूंनी अंगावरची शाल दोन्ही हातांनी पसरली आणि काकांकडे पाठ करून त्या उभ्या राहिल्या. मागे काका कोट, स्वेटर, सदरा असं एकेक उलगडत आत शिरत होते. दुकानदारीण गालातल्या गालात हसत होती. काकूंना त्याचं काही नव्हतं. गडाचा दरवाजा राखावा तशा त्या येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत होत्या. शालीआडून आलेली नोट चांगली ऊबदार असणार.

कार्डाला अशी कुणाची सोबत लागत नाही, म्हणून तर मी ते घेतलं होतं. पण पैसे जपायची ही रीत मला फार देखणी वाटली. एकट्याला ती जमूच शकत नाही.

मग मीही एक बाहुली उचलली. यंत्राने पिन नंबर मागितला. पहिला आकडा दाबते तोच माझ्यापुढे शाल पसरली गेली.

"टाक गं निवांत," काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी उभी आहे."