हार्टस्टीन की हार्टस्टाइन?

मंडळी, आज मस्कतच्या ऑफिसात माझी पाचावर धारण बसली!

व्हिडिओ कॉलवर आमच्या अमेरिकन इंजिनिअरना मी तिसऱ्यांदा 'मिस्टर हार्टस्टाइन' म्हणाले. त्यांची सहकारी सुझन कडाडली, "हार्टस्टीन! ते ज्यू आहेत म्हणून मुद्दाम नाव बिघडवतेस का?"

मी घाबरून म्हटलं, "नाही हो! शाळेत आइनस्टाइन शिकले, म्हणून चुकलं. सॉरी!"

हार्टस्टीन खो खो हसले. "सुझन, माझा सख्खा भाऊ हार्टस्टाइनच म्हणतो! मॅडम, तुमचं नाव तरी मी बरोबर घेतो ना?"

सहा महिने ते मला 'मिस केल' म्हणत होते. आज सांगितलं, मी काळे! मग ओशाळलेल्या सुझनसकट सगळ्यांनी 'ळ' घोकला. आमचे ओमानी साहेबसुद्धा!

तुमचं आडनाव कुणी चुकवलं, तर तुम्ही लगेच सांगता का?