मातीतलं अंगात किती उतरतं

घटस्फोटानंतर मी मुलुंडला भाड्याने राहायला आले, त्याच वर्षी प्रयोगशाळेत गांडुळांचं काम माझ्याकडे आलं. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातली माती तपासायची होती. तिथे वर्षानुवर्षं काळं तेल सांडलेलं. तीव्र द्रावकाने मातीतलं सगळं तेल काढता येतं, पण जिवंत शरीर तेवढं सगळं उचलत नाही. बरंचसं मातीला घट्ट धरून बसतं. अंगात किती उतरतं हे पाहायला त्या मातीत महिनाभर गांडुळं ठेवायची आणि मग त्यांचं शरीर तपासायचं.

बरण्या कोरड्या पडू द्यायच्या नसतात. म्हणून मी रविवारीही घाटकोपरला प्रयोगशाळेत जायची.

"पाणी घालायला शिपाई आहे ना गं," प्रयोगशाळा चालवणारे सर म्हणाले.

"त्याला अंदाज येत नाही," मी म्हटलं. खरं तर त्याला छान जमायचं. मला रविवारी घरी बसवत नव्हतं.

कारखान्याच्या भिंतीला लागून एक जुनी चाळ होती. तिथल्या शेवटच्या खोलीत एक मालवणी आजी एकटीच राहायच्या. त्यांचे यजमान त्याच कारखान्यात होते. मागच्या दारी यजमानांनी अळू लावलं होतं, ते वारल्यावर आजींनी सांभाळलं. तेल तिथवर झिरपलं असेल म्हणून मी तिथलीही माती घ्यायला वाकले, तशा त्या दारात आल्या.

"गो बाय, माझ्या मातयेत काय शोधतंस?"

मी जमेल तसं समजावलं. त्यांनी एकच विचारलं, "मगे अळू खाव की नको?"

"महिनाभर थांबा, सांगते."

महिन्याने निकाल आले. सगळ्या बरण्यांच्या मातीत तेल जवळपास सारखंच होतं, गांडुळांत मात्र अगदी थोडं. फक्त आजींच्या धुण्याच्या दगडाजवळच्या मातीतली गांडुळं तेलाने भरलेली निघाली. रोजच्या साबणाच्या पाण्याने तिथलं तेल मातीपासून सुटं झालं असावं. मी तिथल्या अळवाचे कंदही तपासले. त्यांतही ते उतरलं होतं.

हे मी स्वतः जाऊन सांगितलं. आजी मागच्या दारी जाऊन दगडापाशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तेंका हयचाच अळू आवडायचा. दगडाकडचा. कवळा असता म्हणून."

यजमान कशाने गेले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेवढ्यावरून काही ठरवताही आलं नसतं.

त्यांनी पदर खोचला आणि अळू उपटायला घेतलं. मीही बसले. दोन गोण्या भरल्या. हात धुताना त्यांनी विचारलं, "तुझ्या घराक कोण असता?"

"कोणी नाही."

त्यांनी मान हलवली आणि चहा टाकला.

अहवालात त्या दगडाजवळच्या मातीवर दोन ओळी आल्या. काम संपलं. तरी एका रविवारी मी तिकडे गेले. मागच्या दारी मोकळी जमीन होती, कपडे वाळत होते. आजींनी बसायला पाट दिला. त्यांना वाटलं, मी पुन्हा काही सांगायला आले आहे. त्या वाट बघत राहिल्या. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, आणि सहज आले एवढंही मला म्हणता आलं नाही. चहा संपल्यावर मी उठले. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, घरी पोचले तेव्हाही ऊन होतं, रविवार बराच उरला होता.